पाऊस डोंगरात, पूर अंगणात

शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात पुराविषयी बोलणे चालले होते. एका मुलीने विचारले, "त्या दिवशी आमच्या गावात पाऊस नव्हताच. ऊन पडले होते. तरी संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागले. हे पाणी आले कुठून?" वर्गातल्या दोन-तीन मुलांनी लगेच उत्तर दिले, "धरणातून सोडले." एक जण म्हणाला, "पुढे धरण आहे, तिथे तुंबले." बाकीचे गप्प राहिले.

उत्तर देणारी मुले पूर्ण चूक नव्हती, पण पूर्ण बरोबरही नव्हती. कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. या भागातल्या प्रत्येक घरात पुराची गोष्ट आहे. ज्या विषयाचा अनुभव मुलांच्या घरातच आहे, तो पुस्तकात मात्र 'अतिवृष्टीमुळे नद्यांना पूर येतो' या एका वाक्यात संपतो. या लेखात त्या वाक्याची आपण थोडी उकल करू.

पाऊस कुठे पडतो?

प्रथम नकाशा समोर ठेवू. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते आणि नरसोबावाडीला पंचगंगा. पंचगंगेला स्वतःचा एकच असा उगम नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या परिसरात एकत्र येतात आणि तेथून पुढे पंचगंगा हे नाव लागते.

या सर्व नद्यांचे डोके सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गगनबावड्याचा पाऊसही त्याच पंगतीतला. याउलट सांगली-शिरोळच्या पट्ट्यात वर्षभराचा पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणजे ज्या गावांत पुराचे पाणी दहा-दहा दिवस राहते, ती गावे पावसाच्या हिशेबात जवळजवळ दुष्काळी भागाच्या शेजारी आहेत! त्या मुलीने पाहिलेले ऊन खरेच होते. तिच्या उंबऱ्याला लागलेले पाणी दीड-दोन दिवस आधी दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे होते.

आता उतार पाहू. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे, वाई सुमारे ७१८ मीटर आणि सांगली सुमारे ५५० मीटर. डोंगर उतरून वाईला येईपर्यंत पाणी साडेसहाशे मीटर खाली येते. त्यानंतरच्या कितीतरी लांबच्या प्रवासात ते आणखी पावणेदोनशे मीटरही उतरत नाही. डोंगरात धावणारे पाणी सपाटीवर आले की चालू लागते. मागून येणारे मात्र धावतच येत असते. अशा वेळी पुढच्या पाण्याला पसरण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

पावसाचे पाणी मोजायचे कसे?

'१०० मिलिमीटर पाऊस झाला' असे आपण बातम्यांत ऐकतो. म्हणजे किती पाणी? जमिनीत काहीच मुरले नाही, वाहूनही गेले नाही, तर जमिनीवर १०० मिलिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर उंचीचे पाणी साचेल. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे पाणी एक लाख घनमीटर भरते, म्हणजे दहा कोटी लिटर. एक हजार चौरस किलोमीटरच्या पाणलोट क्षेत्रावर ते दहा कोटी घनमीटर होते.

धरणांचे पाणी 'टीएमसी'त मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सुमारे २८३२ कोटी. वरचे दहा कोटी घनमीटर पाणी सुमारे साडेतीन टीएमसी होते. नदीचा प्रवाह 'क्युसेक'मध्ये मोजतात. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिले की एक क्युसेक. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणून एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला, तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. हा आकडा मुलांनी स्वतः गुणाकार करून काढावा. वर्तमानपत्रातली पुराची प्रत्येक बातमी मग त्यांना वाचता येईल.

पहिला दिवस आणि दहावा दिवस

शंभर मिलिमीटर पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पडला, तर नदी फारशी हलत नाही. तोच पाऊस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडला, तर ती पात्राबाहेर पडते. फरक जमिनीत आहे.

वर्गात हे सहज दाखवता येते. एक कोरडा स्पंज थोडा तिरका धरा आणि त्यावर वाटीभर पाणी हळूहळू ओता. खालच्या ताटलीत फारसे काही जमणार नाही. न पिळता दुसरी वाटी ओता, मग तिसरी. तिसऱ्या वाटीचे जवळजवळ सगळे पाणी खाली येईल. वाटी तीच, पाणी तितकेच. स्पंजमध्ये जागा उरली नाही, एवढेच.

जमिनीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. सतत पाऊस पडत राहिला की त्या भरतात. काळी माती तर भिजल्यावर फुगते आणि तिच्या भेगा बुजतात, त्यामुळे पाणी मुरण्याचा वेग आणखी कमी होतो. ओढे, तळी, भाताची खाचरे आधीच भरलेली असतात. मग पडेल तो पाऊस थेट नदीकडे निघतो. २०१९ साली नेमके हेच झाले. जुलैच्या अखेरीपर्यंत जमीन भिजली होती, धरणांत भरपूर पाणी होते, आणि त्यावर ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत पाऊस थांबलाच नाही.

२०२१ चा पूर वेगळ्या जातीचा होता. तेव्हा पाऊस थोडेच दिवस पडला, पण फार जोराचा. २२-२३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे सांगलीला वर्षभरात पडतो, तेवढा पाऊस एका दिवसात! त्याच पावसाने घाटाखाली चिपळूण बुडवले आणि घाटावर कोल्हापूर-सांगलीत पाणी आणले.

धरणाचे गणित

धरण पूर आणते की थोपवते? दोन्ही मते तावातावाने मांडली जातात. आपण हिशेब करून पाहू.

कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. समजा, एखाद्या धरणात २० टीएमसी जागा मोकळी आहे. डोंगरातून एक लाख क्युसेक पाणी येते आहे आणि आपण पन्नास हजार क्युसेकच खाली सोडतो आहोत. म्हणजे उरलेले पन्नास हजार क्युसेक साठते आहे, दिवसाला ४.३२ टीएमसी. वीस टीएमसीची जागा साडेचार दिवसांत भरेल. पाऊस तीन दिवसांत थांबला, तर धरणाने खालच्या गावांपर्यंत जाणारा पूर निम्म्यावर आणला. पाऊस दहा दिवस चालला, तर पाचव्या दिवसापासून येईल तेवढे सगळे सोडावे लागते. तेव्हा धरण असून नसल्यासारखे होते.

मग जागा आधीच जास्त मोकळी का ठेवू नये? कारण तेच पाणी पुढे उन्हाळ्यात पिकांना, प्यायला आणि विजेला लागते. ऑगस्टमध्ये जागा मोकळी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर एप्रिलमध्ये ओरड होते. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी असावे याचे वेळापत्रक म्हणूनच ठरवलेले असते. पावसाचा अंदाज चार-पाच दिवस आधी जितका नेमका कळेल, तितके हे वेळापत्रक लवचीकपणे पाळता येईल. धरणाच्या भिंतीइतकेच महत्त्व पर्जन्यमापकांच्या जाळ्याला आहे, ते यासाठी.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, धरणाच्या खाली पडणारा पाऊस कोणतेही धरण अडवत नाही. कोयना धरण ते सांगली या दरम्यानचे ओढे-नाले आपले पाणी सरळ नदीत आणतात. दोन, राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक उंचीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, आणि पातळी उतरली की मिटतात.

पाणी मागे का सरकते?

२०१९ मध्ये कोल्हापूर शहरातल्या शाहूपुरीसारख्या भागांत पाणी नदीकडून थेट आले नाही. ते जयंती नाल्यातून आले. नाला एरवी शहराचे पाणी नदीला देतो. नदीची पातळी नाल्यापेक्षा वर गेली की नाल्याचे पाणी बाहेर पडू शकत नाही. उलट नदीच नाल्यात शिरते. खेड्यांतही 'पाणी पुढून नाही, मागून आले' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ओढ्यातून आलेले असते. घर नदीपासून किती लांब आहे यापेक्षा ते किती उंचीवर आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे.

नद्यांच्या संगमावर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात घडते. नरसोबावाडीला कृष्णा तुडुंब असेल, तर पंचगंगेचे पाणी तिच्यात सहज उतरत नाही. ते मागे फुगत जाते. सांगलीच्या खाली वारणेचेही तसेच. दोन नद्यांचे पूर एकामागून एक आले तर निभावते. दोन्हींचे शिखर एकाच दिवशी आले तर गावे बुडतात.

अलमट्टी धरणाविषयीचा वाद याच फुगवट्याचा आहे. कर्नाटकातल्या या धरणाची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला. अलमट्टीचा फुगवटा हे त्या पुराचे कारण नव्हते, असे तिचे मत पडले. पुढे अलमट्टीची उंची सुमारे ५२४ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावाला महाराष्ट्रातून विरोध झाला. आपण कोणत्याही बाजूला असलो, तरी प्रश्न मोजमापाचा आहे. नदीच्या तळाचा उतार, वाटेतले बंधारे आणि पूल, गाळ आणि दर दिवसाची पातळी मांडल्याशिवाय फुगवटा कुठवर पोहोचतो हे सांगता येत नाही. विद्यार्थ्यांना एवढे पटले, तरी पुष्कळ झाले.

अडथळे केवळ धरणांचेच नसतात. पूरक्षेत्रातून जाणारा भरावाचा रस्ता पाण्यासाठी बुटके धरणच असतो. पुलाखालच्या मोऱ्या अपुऱ्या असल्या तर वरच्या बाजूला पाणी चढते. पात्रालगत टाकलेला राडारोडा आणि बांधकामे पसरण्याची जागा खातात. एक पेला परातीत ठेवून त्यात पाणी ओतत राहा. पेला भरला की पाणी परातीत पसरते. पेला म्हणजे नदीचे पात्र आणि परात म्हणजे पूरमैदान. परातीत आपण विटा रचल्या, तर तेवढेच पाणी अधिक उंच चढेल. नदीची गाळाची मळी पिकाऊ आहे, कारण शेकडो वर्षे पुराने ती भरली. परात नदीचीच आहे. आपण तिथे राहायला नंतर गेलो.

फुटांची भाषा

या भागात पुराची चर्चा फुटांत होते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ त्या अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. २०१९ साली राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर आणि आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ साली कोल्हापूरची पातळी ५६ फुटांच्या आसपास पोहोचली.

येथे एक चूक सर्रास होते. कोल्हापूरचे ५६ फूट आणि सांगलीचे ५७ फूट यांची तुलना करता येत नाही. प्रत्येक ठिकाणचे शून्य वेगळे असते. मोजपट्टीवरचा आकडा त्या जागेपुरताच खरा. आपल्या गावासाठी उपयोगी प्रश्न असा: 'राजाराम बंधाऱ्याजवळ अमुक फूट असताना आपल्या शाळेच्या पायरीला पाणी लागले होते का?' असे नाते जुन्या पुरांवरून एकदा बसवले, की पुढच्या वेळी रेडिओवरचा आकडा ऐकून निर्णय घेता येतो.

लोकांजवळ अशी मापे पूर्वीपासून आहेत. नरसोबावाडीच्या दत्तमंदिरात नदीचे पाणी शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. जलशास्त्रात पुराचा आलेख काढतात; त्याला चढती आणि उतरती अशा दोन बाजू असतात. चढती बाजू उभी आणि उतरती बाजू लांबट, सावकाश. एकाच उंबऱ्यावरून पाणी दोनदा जाते, ही गोष्ट वाडीच्या भाविकांना आलेखाशिवाय ठाऊक आहे. चढत्या आणि उतरत्या दक्षिणद्वाराच्या वेळा टिपून ठेवल्या, तर त्यातून त्या त्या वर्षीचा पूर किती काळ टिकला हे मांडता येईल.

पूर आल्यावर

पूर ओसरायला लागणारा हा काळच सर्वात जास्त नुकसान करतो. उसाचे पीक दोन दिवस पाण्यात उभे राहिले तर तग धरते. पोंग्यात गाळ-पाणी शिरले आणि तसेच राहिले, तर शेंडा कुजतो आणि बाजूने पांगशा फुटतात. २०१९ मध्ये शहरांना पाणीपुरवठा करणारी पंपघरेच पुरात गेली. दारात पाणी आणि नळ कोरडा, असे दृश्य कोल्हापूरने पाहिले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि भाजी, दूध, इंधन यांची टंचाई झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. लोक शेवटच्या क्षणापर्यंत गाव का सोडत नाहीत? 'मागच्या वेळी एवढे आले नव्हते' हे एक कारण. गोठ्यातली जनावरे हे दुसरे. म्हशीला न्यायची सोय नसेल, तर घरचे माणूस तिच्यासाठी मागे राहते. गाव वेळेवर हलवायचे असेल, तर आधी जनावरांच्या छावणीची जागा ठरवावी लागते.

मुलांना काही गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचे ढकलणारे बल चौपट होते. गुडघाभर संथ पाण्यातून चालता येते. गुडघाभर वाहत्या पाण्यातून नाही. मातीच्या भिंतीची घरे पाणी असताना उभी राहतात आणि ओसरल्यावर पडतात. भिजलेल्या मातीची ताकद गेलेली असते आणि बाहेरून मिळणारा पाण्याचा आधारही गेलेला असतो. पाणी उतरले म्हणून लगेच आत शिरू नये. विहिरीत गढूळ पाणी गेले असेल, तर ती उपसून, टीसीएल पावडर टाकून मगच वापरावी, आणि तोवर पाणी उकळून प्यावे. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी जाऊ नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो अशाच वाटेने शरीरात शिरतो.

शंभर वर्षांतून एकदा?

नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. यातून लोक समजतात, 'एकदा आला, आता शंभर वर्षे निश्चिंती.' हा समज घातक आहे.

पंचवीस चिठ्ठ्या घ्या, एकीवर तांबडी खूण करा. एक चिठ्ठी काढा, नोंद करा, परत टाका. प्रत्येक उचल म्हणजे एक वर्ष. अशा पंचवीस उचली करा. एकदाही तांबडी न येण्याची शक्यता ३६ टक्के असते, आणि कधी कधी ती दोनदा-तीनदाही येते. चिठ्ठीला मागची उचल आठवत नाही. शंभर वर्षांतल्या पुराचे घ्यायचे, तर तीस वर्षे राहायच्या घरात तो निदान एकदा पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे.

शिवाय डब्यातल्या चिठ्ठ्याच बदलत आहेत. हवा एका अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे. एखादा पूर तापमानवाढीमुळेच आला असे म्हणता येत नाही; पण जुन्या नोंदींवर आखलेल्या रेषा पुन्हा तपासाव्या लागतील, एवढे निश्चित म्हणता येते.

शाळेने काय करावे?

एक उपक्रम सुचवून थांबतो. गावातल्या दहा-पंधरा घरांवर २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या खुणा अजून सापडतील; नसतील तर आजी-आजोबा बोट ठेवून जागा दाखवतील. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या, तिच्यात रंगीत पाणी भरा. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी नेहमी एका पातळीत राहते. तिच्या आधाराने त्या खुणेची पातळी टप्प्याटप्प्याने शाळेच्या भिंतीपर्यंत आणा आणि तेथे रंगाने ठळक रेघ मारा. शेजारी वर्ष लिहा आणि त्या दिवशी जवळच्या मोजणी केंद्रावर किती फूट पाणी होते तेही लिहा. मग वर्गवार नकाशा करा: कोणती गल्ली आधी बुडते, कोणता रस्ता शेवटपर्यंत उघडा राहतो, जनावरे कुठे न्यायची, एकटी राहणारी म्हातारी माणसे कोणत्या घरांत आहेत.

या कामाला एक नळी, एक रंगाचा डबा आणि दोन शनिवार लागतात. पुढच्या श्रावणात पाऊस डोंगरात कोसळत असेल आणि गावात ऊन असेल, तेव्हा सातवीतली एखादी मुलगी रेडिओवरचा आकडा ऐकून शाळेच्या भिंतीवरच्या रेघेकडे पाहील आणि घरी जाऊन सांगेल, "आज म्हैस हलवूया." आपल्या शिकवण्याची परीक्षा त्या दिवशी होईल.